उचंत खात्यातले पक्षी

'हा पक्षी मला ओळखता आला नाही' हे वाक्य पक्षिनिरीक्षणाच्या सहलीत ऐकू येणं हल्ली माळढोक दिसण्याइतकं दुर्मीळ झालं आहे. दिवाळी झाली की होळीपर्यंत दर रविवारी पहाटे शहरांतून गाड्या निघतात. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि आता जवळपास प्रत्येकाच्या हातात मोबाईल. पाणवठ्यावर, माळावर, धरणाच्या काठावर मंडळी उतरतात आणि पहिला पक्षी उडाल्यापासून अर्ध्या मिनिटात त्याच्यावर नावाचा शिक्का बसलेला असतो. पुस्तकात सापडलं नाही तर फोटो कुणाला तरी पाठवला जातो आणि थर्मासमधला चहा ओतून होईपर्यंत कुठून तरी उत्तर येतं. ते बरोबर असतं की नाही हा पुढचा प्रश्न. पण येतं. बिननावाचा पक्षी घेऊन घरी परतायची वेळ कुणावर येत नाही.

माझं म्हणणं असं, की ही वेळ अधूनमधून यायला हवी. आणि आली की ती नीट लिहून ठेवायला हवी.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या खात्यावर टाकायची मला खोड आहे. घरचे त्याला कंटाळले आहेत, वाचकांनीही थोडं सोसावं. संगणक येण्याआधीच्या बँकेत, आणि नंतरही, एक खातं असायचं. इंग्रजीत त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणत, आमच्या जुन्या हेडक्लार्कांच्या तोंडी त्याचं नाव 'उचंत'. एखादी रक्कम यायची, पण ती कुणाच्या खात्यावर जमा करायची ते कळायचं नाही. खातेक्रमांकाचा एक आकडा पुसट, नाव अर्धवट, गावाचं नाव तिसऱ्याच तालुक्यातलं. अशी रक्कम उचंत खात्यात जायची. सोबत तारीख, कुठल्या शाखेकडून आली, जे वाचता आलं ते, जे वाचता आलं नाही तेही. मग पत्रं जायची. कधी आठवड्यात उलगडा व्हायचा, कधी वर्ष लागायचं. तपासनीस आला की आधी उचंत खात्याची वही मागायचा आणि जुन्या नोंदींवरून कानउघाडणी करायचा. तरीही रक्कम उचंतात टाकणं हा गुन्हा नव्हता. गुन्हा होता तो शंकर रामचंद्र पाटलांची रक्कम शंकर रावजी पाटलांच्या खात्यावर टाकून मोकळं होण्याचा. नवशिक्या कारकुनाला उचंताची लाज वाटायची. 'जवळपास जुळतंय' म्हणून तो रक्कम टाकून द्यायचा आणि संध्याकाळी त्याचा हिशेब पैशापैशाला जुळायचा. जुळलेला हिशेब आणि खरा हिशेब यांतला फरक कळायला त्याला दोन-चार वर्षं लागत.

पक्ष्यांच्या यादीचंही हेच आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही आठ-दहा जण इंदापूर तालुक्यातल्या एका माळावर गेलो होतो. कुसळी गवत वाळून सोनेरी झालेलं, मधूनमधून बाभळी आणि बोरी, लांबवर उसाचा हिरवा पट्टा. गवतावरून हातभर उंचीवर एक मोठा तपकिरी पक्षी तरंगत आला. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे किंचित वर धरलेले, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. तो वळला, घुटमळला, पुन्हा वळला आणि उताराआड गेला. भोवत्या. इथपर्यंत कुणाचं दुमत नव्हतं. ('भोवत्या' हे नाव ज्यानं कुणी ठेवलं त्यानं हा पक्षी तासन्‌तास पाहिला असला पाहिजे. तो नुसता उडत नाही, भोवती भोवती फिरतो.) भांडण पुढे सुरू झालं. एक म्हणाला मॉन्टेग्यूचा भोवत्या, दुसरा म्हणाला पांढुरका भोवत्या, तिसऱ्याच्या मोबाईलनं तिसरंच नाव सांगितलं.

हे दोघे नर असते तर प्रश्न नव्हता. मॉन्टेग्यूच्या राखी नराच्या पंखावर काळी आडवी पट्टी असते. पांढुरक्याचा नर खरोखरच पांढुरका, फक्त पंखांच्या टोकाला काळी पाचर. पण माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं दोन्ही जातींत तपकिरी, दोन्हींना तो पांढरा पट्टा. फरक असतो चेहऱ्यावर. पांढुरक्याच्या गालावरच्या गडद डागामागे मानेवर फिकट गळपट्टी स्पष्ट दिसते, मॉन्टेग्यूच्या डोळ्याभोवती पांढरा भाग जास्त असतो. हे सगळं पुस्तकात शेजारी शेजारी छापलेलं असतं तेव्हा अगदी सोपं वाटतं. माळावर, सव्वाशे फुटांवरून, उलट्या उजेडात, वाऱ्यावर डुलणाऱ्या पक्ष्याचा गाल बघायचा म्हणजे धावत्या एसटीतल्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजण्यासारखं आहे.

आमच्या चमूचे म्होरके एक महाविद्यालयीन प्राध्यापक होते. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं, 'भोवत्या, मादी किंवा पिल्लू. मॉन्टेग्यू अथवा पांढुरका. चेहरा दिसला नाही.' आमच्यातला एक तरुण बराच खट्टू झाला. त्याच्या यादीत त्या दिवशी एक आकडा वाढायचा राहिला.

मला ती नोंद फार आवडली. ई-बर्ड नावाची जी जागतिक नोंदवही आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची, तिच्यातही अशी तिरकस रेघ मारून दोन नावं लिहायची किंवा नुसतं 'भोवत्याची कुठली तरी जात' एवढंच नोंदवायची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. म्हणजे शास्त्राला उचंत खातं मान्य आहे. ते मान्य नाही ते आपल्या हौसेला.

याच माळावर माझ्याच वयाचे एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून आमची गंमत बघत होते. मी त्यांना विचारलं, "पाव्हणं, हा पक्षी ओळखता का?"

"वळखतो की. रोजचाच हाय."

"काय म्हणता त्याला?"

"ससाणाच म्हनायचं. दुसरं नाव असंल तर न्हाय ठावं." मग जरा थांबून, काठीनं खालचा उतार दाखवत म्हणाले, "दिस बुडाला की ह्ये समदे त्या गवतात उतरत्यात. धा-बारा असत्याल. भुईवरच निजत्यात. थंडी सरली की जात्यात निघून."

भोवत्या रात्री गवतात, जमिनीवर, घोळक्यानं झोपतात हे पुस्तकात आहे. ते याच माळाच्या याच उतारावर झोपतात हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशातून हजारो किलोमीटर उडत आलेले पक्षी हिवाळाभर कुठली चार एकर जमीन अंथरुणासारखी वापरतात, हे त्या माणसाला ठाऊक होतं, कारण तो संध्याकाळी तिथे असतो. आम्ही नाष्टा करून दहा वाजता निघणारे. प्राध्यापकांनी तीही माहिती वहीत लिहून घेतली आणि मला वाटतं त्या सकाळची तीच सगळ्यांत मोलाची नोंद होती, जातीचं नाव न लागलेली.

कुणी म्हणेल, एवढं काय बिघडतं? मॉन्टेग्यू म्हटलं काय, पांढुरका म्हटलं काय, पक्षी काही कोर्टात जात नाही. तर तेच सांगायचं आहे. कधी कधी जातो. पांढुरका भोवत्या जगभरातल्या धोक्याच्या याद्यांत संकटाच्या उंबरठ्यावरचा म्हणून नोंदलेला आहे, मॉन्टेग्यूचा तसा नाही. उद्या त्या माळावर काही उभं राहायचं झालं तर गावकरी आणि पक्षिमित्र आपल्या याद्या घेऊन पुढे येतील, आणि समोरच्या बाजूचा जाणकार त्या यादीतली एक ओळ खोटी ठरवून दाखवील. एक ओळ खोटी ठरली की उरलेल्या ऐंशी ओळींना कोण विचारतो? बँकेत आम्ही हेच करायचो. एक बनावट पावती सापडली की अख्खं कर्जप्रकरण बाजूला काढून ठेवायचो.

खोट्या नोंदीनं काय होतं याची सगळ्यांत मोठी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडलेली आहे, आणि ती शाळेच्या पुस्तकात नाही याचं मला नवल वाटतं. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. आपल्या वाड्यांच्या वळचणीला असतो त्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचाच भाऊबंद, पण डोकं मोठं, चोच आणि पंजे दांडगे, माथ्यावर ठिपके जवळपास नाहीत, आणि घुबड असून दिवसाढवळ्या शिकार करणारा. ह्यूमनं १८७३ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानंतर हाती आले ते जगभरच्या संग्रहालयांत मिळून मोजके सात नमुने. १८८४ नंतर पक्षी गायब. फक्त एक नमुना त्यानंतरचा, १९१४ सालचा. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या नामांकित ब्रिटिश कर्नलनं गुजरातेत मांडवीजवळ मिळवलेला असा. पुढे शोध घेणाऱ्यांना साहजिकच सगळ्यांत ताजा पुरावा म्हणून गुजरातेतली ती जागा खुणावत राहिली.

मग अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि इंग्लंडचे नायजेल कॉलर यांनी ते जुने नमुने एकेक करून तपासले. शिवण तपासली, आतला कापूस तपासला, पाठ कशी भरली आहे ते पाहिलं. कर्नलसाहेबांचा १९१४चा पक्षी मुळात त्यांचा नव्हताच. जेम्स डेव्हिडसननं खानदेशात १८८० च्या दशकात मिळवलेला नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा नव्यानं भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. बँकेतल्या माणसाला ही गोष्ट विशेष भावते. कारण सही ओळखणारा अधिकारीही अक्षरं मोजत बसत नाही, हाताची ढब बघतो. डेव्हिडसनची टाके घालायची ढब त्या घुबडाच्या पोटात शिल्लक होती.

खोटी नोंद वजा केली आणि उरलेल्या खऱ्या नोंदींच्या जागी शोध सुरू झाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, उघड्या फांदीवर बसलेला जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात सापडला, २०१४ साली मुंबईच्या दाराशी तानशाच्या जंगलातही. पक्षी नाहीसा झालेला नव्हताच. तो सकाळच्या उन्हात बसून सरडे मारत होता आणि पावरा-भिल्लांच्या वस्त्यांतल्या कितीतरी माणसांच्या नजरेला पडत असणार. वहीत मात्र तो भलत्याच गावी होता.

या सगळ्याचा अर्थ, नावाची गरजच नाही असा घेणारी मंडळी आहेत. 'नाव कशाला हवं? सौंदर्य अनुभवा!' असं ती डोळे मिटून म्हणतात. (डोळे मिटून पक्षी कसे बघतात, ते मला समजलेलं नाही.) माझं त्यांच्याशी अजिबात जमत नाही. नाव कळेपर्यंत माणूस नीट बघतच नाही. दोन तपकिरी चिमण्यांपैकी एकीच्या गळ्यावर पिवळा ठिपका आहे हे मुंबईच्या एका मुलाच्या लक्षात आलं, ही कोणती चिमणी म्हणून तो मामाला विचारायला गेला, मामानं चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी नाव सांगून त्याची बोळवण केली नाही. कपाटाचे खण उघडून भरलेले पक्षी दाखवले, हे बघ, यात कुठला आहे तुझा. तो मुलगा म्हणजे सालीम अली. ही हकिकत सर्वांना पाठ आहे. मला त्यात नेहमी ते उघडलेले खण महत्त्वाचे वाटतात. नुसतं नाव सांगून ती दुपार पाच मिनिटांत संपली असती.

नावांचा विषय निघालाच आहे तर सायक्ससाहेबाबद्दल दोन शब्द. कर्नल विल्यम सायक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी. १८२४ पासून त्याच्याकडे दख्खनची सांख्यिकी गोळा करायचं काम होतं. गावं, पिकं, माणसं मोजता मोजता त्यानं पक्षी मोजले आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. आपल्या घारीला त्यानं शास्त्रीय नाव दिलं 'गोविंदा'. माळावरच्या तुरेवाल्या चंडोलाला 'देवा'. हिवाळ्यात बाभळींत येणाऱ्या एका इवल्या वटवट्याला 'रामा'. एका रातव्याच्या नावात तर त्यानं चक्क मराठ्यांचा मुलूख घातला, 'माहरत्तेन्सिस'. नावं देताना लॅटिनबरोबर त्याच्या कानावर पुण्या-नगरकडच्या हाका होत्या. आणि आज त्याच चंडोलाला आपण मराठीत काय म्हणतो? 'सायक्सचा चंडोल'! त्यानं आपला देव घेतला, आपण त्याचं आडनाव घेतलं.

मराठी नावांच्या याद्या पक्षिमित्र मंडळींनी फार कष्टानं केल्या आहेत आणि प्रमाण नाव हवंच, नाहीतर चांद्याच्या माणसाचं पत्र मालवणच्या माणसाला कळायचं नाही. पण इंग्रजीवरून पाडलेली नावं काही वेळा अशी असतात की ती उच्चारेपर्यंत पक्षी पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. याउलट खाटीक, शिंपी, धोबी, सुगरण, सातभाई, पखुर्डी, शेकाट्या, गप्पीदास! भारद्वाजाला कुणी कुंभारकावळा म्हणतं, कुणी सोनकावळा, कोकणात गेलात की कुक्कुडकोंबा. इंग्रजीतही शिंपी शिंपीच आहे आणि खाटीक खाटीकच, तेव्हा ही आपलीच मिरासदारी समजायचं कारण नाही. मात्र पावशाच्या ओरडण्यात इंग्रज साहेबाला डोकेदुखीचा ताप ऐकू आला, हिंदी मुलखाला 'पी कहाँ' ऐकू आलं, आणि आपल्या शेतकऱ्याला 'पेरते व्हा'. आवाज एकच. ऐकणाऱ्याच्या घरी त्या वेळी काय चाललं होतं तेवढं फक्त निराळं.

मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत हे काम आयुष्यभर केलं. आदिवासींकडून, जुन्या ग्रंथांतून पाखरांची नावं वेचली आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. ते २०२५ च्या जूनमध्ये गेले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा वाढदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात २०२० पासून पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात शाळाशाळांतून मुलांना तक्ते दाखवतात. तक्ता दाखवण्याबरोबर मुलांना घरी जाऊन आजीला एक प्रश्न विचारायला सांगितलं तर? 'तुमच्या गावी याला काय म्हणत?' पुढ्यात चित्र आणि शेजारी कोरी ओळ. नाव, गाव, सांगणाऱ्याचं वय. पाच-दहा वर्षांत या राज्यातल्या आज्या आपल्याबरोबर काय काय घेऊन जाणार आहेत, याचा हिशेब कुणाकडेच नाही. सांगितलेलं नाव कुठल्या पक्ष्याचं हे नाही जुळलं, तर तेही उचंतात राहू द्यावं.

आता भिगवणकडे वळू. उजनी धरण १९८० मध्ये झालं, भीमेचं पाणी पसरलं आणि उथळ फुगवट्यावर पाखरं उतरू लागली. कुंभारगाव, डिकसळ या भागातल्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतली मुलं आता पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात. रोहित, चित्रबलाक, चक्रवाक, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब. या मुलांची नजर अशी तयार आहे की आपण दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत ती नुसत्या डोळ्यांनी थापट्या आणि तलवार बदक वेगळं करतात. इंग्रजी नावं त्यांनी पाहुण्यांच्या तोंडून ऐकून पाठ केली आहेत. शाळेत ज्या इंग्रजीनं छळलं, तिनंच आता घर चालवलं. मला त्यांचं फार कौतुक आहे.

पण पाहुणे काय करतात? होडीत बसता बसता विचारतात, "आज रेअर काय आहे?" मुलगा सांगतो. नाही सांगितलं तर चेहरे पडतात आणि पुढच्या वेळी दुसऱ्याची होडी घेतली जाते. लांब चिखलात पळणारे पाच-सहा करडे तुतवार. हिवाळी पिसाऱ्यात भल्याभल्यांना उलगडत नाहीत. तिथे त्या मुलानं "सांगता येत न्हाई सायेब, लांब हाय" म्हटलं तर ते त्याचं अज्ञान ठरतं आणि एखादं भारदस्त नाव ठोकून दिलं तर हातावर जास्तीचे पन्नास रुपये पडतात. उद्या त्यानं प्रत्येक तुतवाराला दुर्मीळ ठरवलं तर दोष कुणाचा? बँकेत कर्जवाटपाचा आकडा गाठण्यासाठी दट्ट्या लावला की कागद कसे आपोआप चोख होतात, ते मी पाहिलेलं आहे. माझी एक सूचना आहे. जो होडीवाला 'माहीत नाही' म्हणेल त्याला त्या दिवशी वरचे पैसे आवर्जून द्यावेत. आणि रोहितांचा थवा फोटोसाठी उडवायला सांगणाऱ्याला होडीतून उतरवावं. पाणी फार खोल नसतं.

मोबाईलवर माझा राग आहे असं कुणी समजू नये. आवाज ऐकून पक्षी सांगणारं यंत्र खिशात मावतं ही साधी गोष्ट नाही, आणि एकट्यानं शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलाला त्यानं जी वाट उघडून दिली ती आमच्या पिढीला मिळाली नव्हती. पण ते यंत्र शक्यता सांगतं. 'बहुधा हा असावा' असं त्याचं म्हणणं असतं. 'बहुधा' गाळून आपण लिहितो. घाटातल्या झाडीत भृंगराज दुसऱ्या पाखरांच्या हुबेहूब नकला करतो. मोबाईल ज्या पक्ष्याचं नाव दाखवतो तो मैलभरात नसतो आणि नकलाकार डोक्यावर दोन लांब फिती हलवत बसलेला असतो. मान वर करून पाहायला हवं इतकंच.

आणि आमच्या त्या माळाचं काय? कुसळीचा, भोवत्यांच्या अंथरुणाचा. अशा गवताळ माळांना सरकारी नकाशांच्या भाषेत 'पडीक' म्हणतात. देशातल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात गवत-झुडपांचे विस्तीर्ण पट्टे याच रकान्यात बसवलेले आहेत. पडीक म्हटलं की ती भरून काढायची सदिच्छा होते. कुणी झाडं लावतं, कुणी कारखाना, कुणी सौरऊर्जेच्या काचा. झाडं लावणं पुण्याचंच काम, पण माळावर नव्हे. मोकळं गवत लागणाऱ्या धाविकाला, पखुर्डीला, चंडोलाला झाडांची रांग ही भिंत असते. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं; आज देशभरात मिळून माळढोक उरलेत दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानात. आम्ही पक्षी ओळखायला चुकतो तेव्हा एका वहीतली ओळ चुकते. जमीन ओळखायला चुकतो तेव्हा मेंढपाळाचं चराऊ रान जातं, गवत जातं, आणि त्या ओळीतला पक्षीही.

त्या सहलीत आमच्याबरोबर एक दहा वर्षांची मुलगी होती. तिच्याकडे ना मोबाईल, ना दुर्बीण. एक चित्रकलेची वही होती. मोठ्या माणसांचं नावांवरून चाललेलं भांडण तिला कंटाळवाणं वाटलं असावं. तिनं आपल्या परीनं भोवत्या काढला आणि खाली लिहिलं, 'कावळ्यापेक्षा मोठा वाटतो पण हलका. पंख वर धरतो. शेपटीच्या सुरुवातीला पांढरं. पाय दिसले नाहीत. गवताला घाबरत नाही.' सालीम अलींच्या पुस्तकात पक्ष्याचं माप असंच दिलेलं असतं. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीपेक्षा मोठा. उचंत खात्यातली नोंद कशी असावी तर अशी. काय दिसलं, काय दिसलं नाही, तो काय करत होता, कुठल्या झाडावर, किती वाजता. नाव नंतर येतं, कधी येत नाही. तपशील राहिले तर दहा वर्षांनी शास्त्र बदललं तरी नोंद जिवंत राहते. सायक्सच्या त्या 'रामा' वटवट्याला आणि पायमोजे घातल्यासारख्या त्याच्या भाऊबंदाला पूर्वी पुस्तकांतून एकच जात धरत, आता दोन मानतात. जुन्या वहीत ज्यांनी नुसतं नाव लिहिलं त्यांचे पक्षी आता कुठल्याच खात्यावर टाकता येत नाहीत. ज्यांनी चोच, शेपटी, आवाज लिहून ठेवले, त्यांचे अजून जुळवता येतात.

माझ्या वहीत अशा सतरा नोंदी शिल्लक आहेत. वाचकांपैकी कुणाला छडा लागला तर कळवावं म्हणून त्यांतली एक देतो. भिगवणच्या दक्षिणेला, कालव्याकाठची बाभळ. २० जानेवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं, धुकं नुकतंच उतरलेलं. चिमणीपेक्षा लहान. वरून मातकट, खालून फिकट, भुवई अस्पष्ट, चोच जरा लांबट. झाडाच्या आतल्या फांद्यांतच फिरत होता, उजेडात आला नाही. दोन दगड एकमेकांवर हलके आपटावेत तसा 'चक्, चक्' आवाज. शेपटीच्या कडा पाहायच्या राहिल्या.